सांगलीत मावळला

उत्तर नॉर्वेतल्या होनिंग्सवोगच्या हॉटेलात रात्री आठला जेवणं सुरू झाली तेव्हा ऊन थेट टेबलावर आलं होतं. वाढणाऱ्या मुलीने येऊन पडदा अर्धा ओढला, तरी उरलेल्या अर्ध्यातून ते ताटांवर, पाण्याच्या जगवर, सगळ्यांच्या चष्म्यांवर पसरलेलंच होतं. टेबलाच्या टोकाला आमच्याच गावभागातले एक काका-काकू बसले होते. हळदीची अडत, पिढीजात जैन घर. दोघांच्या पुढ्यात ताट नव्हतं. सगळ्यांना सोबत म्हणून नुसते येऊन बसले होते. ग्रुपमधल्या एकीने अगदी आपुलकीने म्हटलं, "अहो काका, सूर्य समोर आहे की! इथं तो मावळायचाच नाही. जेवा निवांत." काका हसले. डाव्या मनगटावर नॉर्वेची वेळ आणि उजव्यावर घरची, अशी दोन घड्याळं घालून ते आले होते. त्यातलं उजवं त्यांनी जरा वळवून बघितलं आणि म्हणाले, "सांगलीत मावळला."

विषय तिथेच संपला. कुणीतरी सूप मागितलं, कुणी बटाटा बाजूला काढला. माझं मात्र जेवणात लक्ष राहिलं नाही.

मध्यरात्रीचा सूर्य बघायला म्हणून २०२५ च्या जूनमध्ये आम्ही निघालो होतो. आपल्याकडून असे ग्रुप आता दरवर्षी जातात. पन्नाशी-साठीची मंडळी, मुलं मार्गी लागलेली, बॅगांत भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. काकूंच्या डब्यातलं भडंग बिनलसणीचं होतं. त्यांचा सगळा स्वयंपाक मी जवळून पाहिला, कारण बसमध्ये आमची सीट मागेपुढे होती. सकाळी हॉटेलात नळाचं पाणी आधी एका पांढऱ्या, चौपदरी घडी घातलेल्या फडक्यातून गाळायचं, मग किटलीत उकळायचं, मग थर्मासमध्ये भरायचं. ते फडकं पिळून त्या खिडकीच्या कठड्यावर वाळत घालत. बाहेर बर्फाचे डोंगर आणि आत कठड्यावर सांगलीचं गाळण्याचं फडकं. मला वाटायचं, इतकं स्वच्छ पाणी आहे इथलं, आणखी काय गाळायचं? पण त्यांच्या हाताला त्यात कधी घाई झालेली दिसली नाही.

आता हिशेब बघा. जूनमध्ये सांगलीत सूर्य सातनंतर लगेच मावळतो. नॉर्वेचं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे काकांचा सूर्यास्त तिथल्या दुपारी साडेतीनला. बस एखाद्या फ्योर्डच्या काठाने चाललेली असायची, गाइड माइकवर बोलत असायचा आणि काका सव्वातीनला डबा उघडायचे. दोन दशम्या, कोरडी चटणी, थर्मासमधलं पाणी, आणि डबा बंद. पुढे दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. काकूंनी मात्र वेगळं ठरवलं होतं. त्या तिथल्या घड्याळाचे सात मानत. साडेसहाला खोलीत बसून जेवायच्या आणि सातला हात धुवायच्या. एकाच घरातला, एकाच वेळी घेतलेला रात्रीभोजन-त्यागाचा नेम, आणि त्याचे दोन सूर्यास्त! चाळीसेक वर्षांचा संसार असलेली ही दोघं त्यावरून भांडताना दिसली नाहीत, एकमेकांना पटवतानाही नाहीत. काका साडेतीनला थांबत तेव्हा काकू त्यांच्या डब्याचं झाकण लावून देत. काकू जेवत तेव्हा काका शेजारी पुस्तक वाचत बसत.

नॉर्थ केपला आम्ही मध्यरात्री पोचलो. मागरोया बेटावर जायला समुद्राखालून बोगदा आहे. बस दोनशे मीटरहून खोल उतरते आणि पलीकडे वर येते. कड्याच्या टोकाला लोखंडी पृथ्वीगोल, खाली ३०७ मीटरवर समुद्र. वारा असा की शालीचा पदर हातात धरून ठेवावा लागत होता. बारा वाजता सूर्य उत्तरेला होता. उत्तरेला सूर्य बघण्याची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती, काहीतरी फिरल्यासारखं वाटत राहिलं. तो पाण्यापासून दोन-तीन बोटं वर आला, तिथेच थबकल्यासारखा डावीकडून उजवीकडे सरकला आणि पुन्हा चढायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते. त्या कड्याच्या पोटात खडक खोदून केलेलं एक लहानसं प्रार्थनाघर आहे. मी आत जाऊन बसले. काळोख होता, थंडीही नव्हती. इतक्या उजेडातून आत आल्यावर काळोखाचं एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

लहानपणी गच्चीवर झोपताना वडील सांगायचे की आपले सहा महिने म्हणजे देवांचा एक दिवस आणि उरलेले सहा म्हणजे रात्र. मेरूवर राहणाऱ्या देवांना सूर्य एकदा उगवला की सहा महिने मावळत नाही. सूर्यसिद्धान्तात हे सरळ गणित म्हणून येतं. ध्रुवावर काय दिसेल याचा तो हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे. याच संदर्भात वडील लोकमान्यांबद्दलही सांगत. ऋग्वेदातल्या उषा इतक्या लांब, अनेक दिवस रेंगाळणाऱ्या का, या प्रश्नावरून त्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धान्त १९०३ साली मांडला. पुढच्या विद्वानांनी तो स्वीकारला नाही, आणि त्यांची कारणं भक्कम आहेत. तरी कृष्णाकाठच्या गच्चीवर पडल्या पडल्या ऐकलेलं ते मला पुरेसं होतं. आपल्या पूर्वजांनी तो प्रदेश पाहिला नसेलही, पण त्याची कल्पना करून ठेवली होती. अडचण एवढीच, की तिथे देव राहतात असं धरलं होतं, माणसाने तिथे जाऊन उपास कसा सोडायचा याचा विचार कुणाला करावा लागला नव्हता. आपलं सगळं पंचांग सूर्योदयावर उभं आहे. तिथी धरायची ती उगवत्या सूर्याला असलेली. जिथे सूर्योदयच नाही तिथे आज कुठली तिथी?

माझ्यावर ही वेळ संकष्टीने आणली. आई गेल्यापासून मी संकष्टी करते, तिची राहिलेली म्हणून. ज्येष्ठातली ती संकष्टी प्रवासात आली, चौदा जूनला. चंद्र कधी उगवणार हे फोनवर बघितलं तर त्या गावापुढे वेळच नव्हती. मला वाटलं नेट गंडलंय. मग कळलं की उन्हाळ्यात जसा सूर्य उत्तरेला चढलेला, तसा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र दक्षिणेला उतरलेला असतो, आणि इतक्या वरून तो कित्येक दिवस क्षितिजावर येतच नाही. त्यात चंद्राच्या कक्षेचं साडेअठरा वर्षांहून थोडं मोठं चक्र असतं, आणि त्या वर्षी तो नेहमीपेक्षाही खाली होता. सूर्य मावळत नाही, चंद्र उगवत नाही. मी साताऱ्याला ताईला फोन लावला. तिच्याकडे पावसाचा आवाज इतका की ती ओरडूनच बोलत होती. "अगं, इथं तरी कुठं दिसतोय? सकाळपासून ओततोय नुसता. दहा वाजत आलेत, वेळ झाली की सोडणार. तू पण सोड."

खरंच की. जून ते सप्टेंबर आपल्यापैकी किती जणांनी संकष्टीचा चंद्र डोळ्यांनी पाहिलाय? भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात. त्यात आपल्या गावापुढचे आकडे बघायचे, आकाशाकडे हात जोडायचे, पाणी सोडायचं. ढगामागे तो आहे, या भरवशावर सगळं चालतं. मी भरवसा थोडा लांबवला, एवढंच. सांगलीचे रात्रीचे दहा म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. मी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य घेऊन काकूंच्या खोलीत गेले. त्या जेवायलाच बसत होत्या. त्यांच्या सातच्या आत त्यांचं जेवण, आणि माझ्या सांगलीच्या चंद्रोदयाला माझं, दोन्ही एकाच ताटलीत जमलं. त्यांनी मला दशमी वाढली. काका खुर्चीत होते, मान वर न करता म्हणाले, "तुम्ही पण सांगलीवालेच निघालात."

आल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. आषाढ लागला होता, नदी चढत होती, दारात हळदीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. मी विचारलं ते सरळ विचारलं. रात्री न जेवण्यामागे जीवदया आहे. अंधारात अन्नात बारीक जीव पडलेला दिसत नाही, दिव्यावर किडे येतात, ते ताटात पडतात. तिथे तर लख्ख ऊन होतं. मग? काका थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "कारण मला माहीत आहे. पण मी नेम घेतला तो चातुर्मासात, महाराजांसमोर, इथं. तेव्हा सूर्य म्हणजे कुठला, असं काही मनात नव्हतं. एकच सूर्य ठाऊक होता. मी शब्द दिला तो त्याला." आतून काकूंचा आवाज आला, "आणि मी जिवांना दिला. जीव तिथले, तर उजेड पण तिथलाच धरायचा." मी म्हटलं, मग रात्री दहालाही जेवायला हरकत नव्हती. त्या बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. "हरकत नव्हती. पण कुठंतरी हात थांबला पाहिजे ना? गाव ज्याला संध्याकाळ म्हणतं तिथं थांबवला."

हा प्रश्न काही आमच्याच काका-काकूंना पडलेला नाही. माझी भाची उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला विद्यापीठात आहे. तिच्या प्रयोगशाळेत एक सोमाली मुलगी आहे. २०१५ आणि १६ ला रमझान ऐन जूनमध्ये आला होता. ट्रॉम्सोत वीस मेपासून बावीस जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही. इफ्तार कधी करणार? तिथल्या बऱ्याच जणांनी मक्केचं वेळापत्रक धरलं, मक्केत सूर्य बुडताना घड्याळात जितके वाजतात तितके ट्रॉम्सोच्या घड्याळात वाजले की खजूर तोंडात. मी हे मिरजेच्या आमच्या शाळेतल्या एका बाईंना सांगितलं, आम्ही दोघी एकत्रच निवृत्त झालो. त्या म्हणाल्या, यावर हदीसमध्येच उत्तर आहे. वर्षाएवढा लांब एक दिवस येईल असं पैगंबरांनी सांगितलं तेव्हा सोबत्यांनी विचारलं, मग त्या दिवसात एका दिवसाची नमाज पुरेल का? तर म्हणाले, नाही, अंदाज बांधून वेळा ठरवा. मला हे विचारणारे सोबती फार आवडले. प्रलयाच्या खुणा ऐकताना त्यांना आधी नमाजेची काळजी पडली. ज्यू धर्मपंडितांमध्येही हा वाद जुना आहे. एक मत असं, की प्रवाशाने जिथून निघाला तिथली वेळ धरून शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा वार, पाळावा. आणि २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर शेख मुझफ्फर शुकोर अवकाश स्थानकावर गेला, जिथे दीड-एक तासात पृथ्वीप्रदक्षिणा होते आणि दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो, तेव्हा त्याच्या देशातल्या उलेमांनी सांगितलं की नमाजेच्या वेळा बैकोनूरच्या धर, जिथून यान सुटलं तिथल्या.

जिथून निघालो तिथली वेळ. काकांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. ते आपल्या बुद्धीने तिथेच पोचले होते.

मी काकांच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. जिथे सूर्यच मर्यादा घालतो तिथे नेम पाळायला सूर्याची मदत असते. अंधार पडतो, घर आवरतं, चूल विझते, गावच आपल्याला थांबवतं. नॉर्वेत कुणी थांबवत नाही. समोर गरम जेवण, सगळे आग्रह करणारे, कारण सांगणाराही आपल्याच बाजूचा, आणि बाहेर ऊन. अशा वेळी चार हजार मैलांवरच्या कृष्णेवर अंधार पडतोय हे आठवून ताट नाकारायचं, याला मी हट्ट म्हणणार नाही. गणपतीत भाची फोनवर ध्वनिमुद्रित पूजा लावून प्रतिष्ठापना करते. गुरुजी संकल्प सांगतात, गोदावर्याः दक्षिणे तीरे. ती बर्फाच्या गावात बसून तेच म्हणते. बदलायचा का म्हणून मला विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

पण माझं हे सगळं रथसप्तमीने पुन्हा ढवळलं. यंदा ती पंचवीस जानेवारीला आली, रविवारी. ट्रॉम्सोत नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य गणिताने पंधरा जानेवारीच्या सुमारास परत येतो, पण दक्षिणेला डोंगर आहेत, त्यामुळे गावाला तो दिसतो एकवीसच्या आसपास. साताऱ्यात ताईच्या ओट्यावर ऊन यायलाही पंचांगातल्या वेळेपेक्षा उशीर होतो, पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर आहे म्हणून, तसंच. एकवीसला तिथे सूर्यदिन असतो, बेकऱ्यांमध्ये सूर्याच्या नावाचे गोल गोड पाव, ते घ्यायला थंडीत रांगा. भाचीने फोटो पाठवला, जॅम भरलेले फुगीर पाव. दोन महिने दुपारी फक्त निळा उजेड बघितलेली माणसं, मुलं खांद्यावर घेऊन उभी. आणि चारच दिवसांनी आपली रथसप्तमी! तिने विचारलं, मावशी, दूध उतू घालवू का, आणि कधी?

ताईने लगेच सांगितलं, साताऱ्याच्या सूर्योदयाला. म्हणजे तिथल्या पहाटे अडीचला, मिट्ट काळोखात. मी नको म्हटलं. काकांची बाजू घेणारी मी, आणि मीच तिला म्हटलं, तिथला सूर्य येऊ दे, मग घाल. ताईला राग आला. संकष्टीला तुला घरची वेळ चालली, आता का चालत नाही? त्या प्रश्नाने मला दोन-तीन दिवस छळलं. मग मला माझंच कळलं ते असं: उपास हा आपल्या पोटावर आपण घातलेला बांध आहे, तो घरच्या मापाने घालता येतो. रथसप्तमीला आपण सूर्याला सामोरे जातो. तो येऊन दारात उभा असताना त्याला सोडून साताऱ्याच्या सूर्याला दूध दाखवायचं? आणि दोन महिन्यांनी आलेल्याला?

ती त्या दिवशी साडेअकराला ट्रेकिंगचा छोटा स्टो घेऊन बाल्कनीत बसली, कारण घरात धूर झाला तर गजर वाजतो. बर्फ बाजूला करून स्टो ठेवला, लहान पातेलीत दूध. गोवरी नाही, बोळकं नाही. तोंड दक्षिणेला, कारण त्या दिवसांत तिथला सूर्य दक्षिणेला उगवतो आणि दक्षिणेलाच मावळतो. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, म्हणून ताई पुन्हा कुरकुरली. बाराच्या सुमाराला डोंगराच्या खाचेत ढगांच्या कडा केशरी झाल्या, मग कडेचा एक तुकडा दिसला. वाऱ्याने स्टोची आच एकीकडे जात होती, दूध तापायला वेळ लागला. सूर्य परत आत गेला तरी ते वर येईना. भाची सांगत होती, तिने शेवटी पातेलीभोवती हात धरून आडोसा केला. उतू गेलं तेव्हा दिशाही धरता आली नाही, सगळीकडून गेलं. ताईने विचारलं, उरलेल्या दुधाची खीर केलीस ना? केली होती. शेजारच्या सोमाली मैत्रिणीकडेही दिली होती.

आता तिने पुढचा प्रश्न काढून ठेवलाय. नोव्हेंबरच्या शेवटी जी संकष्टी येईल, तेव्हा ट्रॉम्सोतला चंद्र उलट इतका उत्तरेला असेल की तो मावळणारच नाही. चोवीस तास वर. मग चंद्रोदय कधीचा धरायचा? यात उपासही आहे आणि अर्घ्यही, म्हणजे माझं सुचलेलं निम्मंच उपयोगी. मी कागद घेऊन बसले. साताऱ्यात तो रात्री साडेआठ-नऊच्या दरम्यान उगवेल. तेव्हा तिथे दुपारचे चार वाजलेले असतील, सूर्य नाही, अंधार पडलेला, आणि चंद्र समोर. म्हणजे वेळ ताईची धरली तरी अर्घ्य तिथल्याच चंद्राला जातं. ताईला हे एका फटक्यात मान्य झालं. तिने दिनदर्शिकेत त्या तारखेला खूण करून ठेवलीय. भाचीचं म्हणणं, ते सगळं ठीक आहे, पण मोदकांना तांदळाची पिठी लागेल, आंबेमोहोराची, तिथे मिळते ती चिकट होत नाही. पाठवायची असेल तर ऑक्टोबरातच टाका.